पळणारी पोरगी बाकावर

तुम्ही त्या पोरीला बाकावर बसवलंत, आणि बाकावर बसली म्हणून तुम्हीच तिला नाकारलंत. तुमचं नाव लिहीत नाही. निवृत्त कर्नल, एरवी विमा विकता आणि लष्करी अकादमीसाठी आमच्या भागातली पोरं हेरता, एवढ्यावर नेब्रास्काच्या या कोपऱ्यात कुणीही तुम्हाला ओळखेल.

कोरा व्होंद्रा माझी भाची. तिची आई, माझी बहीण मारलीस, शाळेच्या स्वयंपाकघरात राबते. अकादमीत शिक्षण फुकट आणि बाहेर पडताना अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश. कोराला बारा वर्षांची असल्यापासून तेच हवं होतं. त्यासाठी आधी खासदाराची शिफारस लागते, आणि ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या मंडळात तुम्ही.

वसंतात तुम्ही मारलीसच्या घरी आलात. तिनं केलेले कोलाचे, आलुबुखारा भरलेले गोड पाव, एकामागून एक चेपलेत आणि मिशी पुसत म्हणालात, "पळतेस म्हणे?"

"हो सर. क्रॉस कंट्री. राज्यस्पर्धेला दोनदा गेले."

"छान. पण पळतो ससासुद्धा. आम्हाला पुढारी लागतात. एखादा खरा सांघिक खेळ घे."

मारलीस म्हणाली, "पण यंदा पोरी तिलाच कर्णधार करणार आहेत."

"कुणाची कर्णधार? जो तो आपापला पळतो, ताई."

आणि हसलात. मीही त्याच टेबलाशी होतो. मला काही हसू आलं नाही.

आमच्याकडं क्रॉस कंट्री आणि व्हॉलीबॉल एकाच हंगामात, शरदात. एक धरलं की दुसरं सुटलं. अकादमीच्या माणसानं सांगितलं म्हणजे देवानं सांगितलं, असं मानणारं हे गाव. कोरानं व्हॉलीबॉल धरलं. प्रशिक्षक बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "उंची कुठून आणणार गं?" तरी त्यांनी संघात घेतलं. पाण्याच्या बाटल्या भरायला कुणीतरी लागतंच.

शेतातल्या मातीच्या रस्त्यांवर वाऱ्याला मागं टाकणारी पोरगी अख्खा हंगाम राखीव खेळाडूंच्या बाकावर टाळ्या वाजवत बसली. गॅलरीतून पोरं ओरडायची, "काय गं हरिणी, बसून बसून पाय दुखले का?"

मी धान्याच्या गोदामात ट्रकचा वजनकाटा सांभाळतो. तिथं ती आली तेव्हा म्हटलं, "सोड की. जा परत पळायला."

"मामा, मधेच सोडलं तर ते म्हणतील, हिला सोडायचीच सवय आहे."

"ते कोण?"

"ते," ती म्हणाली. तुमचं नाव घ्यायचीही तिला भीती.

नोव्हेंबरात मुलाखत झाली, बँकेच्या वरच्या खोलीत. तिला मीच घेऊन गेलो होतो. बाहेर खुर्चीवर बसलो होतो आणि दार पातळ होतं. मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "चांगलं पळत होतीस, मग सोडलंस का?" कोरा बोलायच्या आत तुमचा आवाज आला, "कधी कर्णधार होतीस?"

"नाही सर."

"पळण्याच्या संघात राहिली असतीस तर झाली असतीस ना?" हेही तुम्हीच.

मी सावरून बसलो. म्हटलं, आता बोलेल. खेळ बदलायला सांगणारा समोरच बसलाय. मग कोराचा आवाज, अगदी सरळ: "सबब नाही, सर."

तुम्ही खाकरलात आणि पुढचा प्रश्न विचारलात.

गाडीत मी भडकलो. "तोंड शिवलं होतं का तुझं? त्यानंच सांगितलं होतं ना?"

"मामा, अकादमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना वरिष्ठांसमोर मोजकीच उत्तरं द्यायची मुभा असते. त्यातलं हे एक. कारण सांगितलं म्हणजे दुसऱ्यावर ढकललं. वर्षभर घोटलंय मी."

"आणि त्यानं काय उत्तर द्यायचं?"

ती काचेबाहेर बघत राहिली. "त्यांना कुणी विचारत नाही."

शिफारस दुसऱ्या पोराला मिळाली. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. कोराबद्दल तुमच्या मंडळानं फोनवर कळवलं, सातत्य कमी पडतं. सातत्य. तुमच्या शब्दापायी जी हंगामभर बाकावरून हलली नाही, तिच्यात.

आता ती माझ्याच गोदामात ट्रकमधल्या मक्याचे नमुने काढते. पळत नाही. विचारलं तर म्हणते पाय दुखतो. पोत्यांच्या थप्पीवर सरासरा चढते, तेव्हा दुखत नाही.

आणि परवा तुम्ही पुन्हा शाळेत आला होतात. मारलीस जेवण वाढत होती, तिनं ऐकलं. पोहणाऱ्या एका पोरीला सांगत होतात, पोहणं ठीक आहे गं, पण संघ कुठाय?

कोरा तुम्हाला काही विचारणार नाही. तिला तसं शिकवलंय. मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून मी विचारतो. खेळ बदल असं तुम्ही सांगितलं होतंत. मग त्या खोलीत ती सगळं स्वतःवर घेत होती, तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? गोदाम संध्याकाळपर्यंत उघडं असतं. या, आणि तिच्या तोंडावर सांगा.