नानाजीच्या छातीवरचा दुपट्टा

मी नानाजीचा दुपट्टा बोलून राह्यलो. जुना सुती कपडा आहो, बोलणं हळूहळूच येते. जरा दमानं ऐका.

घाटंजीच्या बाजारातून विमलताईनं, म्हणजे नानाजीच्या बायकोनं, मले आणलं. तेव्हापासून खांद्यावर आहो. कपाशीत घाम पुसला, तुरीच्या शेंगा बांधून आणल्या. माणसानं वापरलं हेच मोठं.

यंदा पूस महिन्याच्या थंडीत नानाजीची सून नयन, म्हणजे पोरगा कपिलची बायको, बाळंत झाली. पोरगी झाली, पण दिवसाच्या अगोदर. वजन एक किलो आठशे. दवाखान्यातून घरी धाडतांना सांगितलं, उघड्या छातीशी लावून ठेवा, ऊब तुटू देऊ नका. नयननं आठ दिवस तेच केलं. मंग टाक्याच्या दुखण्यानं तिले बसवेना.

विमलताईनं जुन्या रितीनं बाजेखाली शेगडी ठेवली. तेवढ्यात गावातली आरोग्याचं काम पाहणारी आशाताई, प्रेरणा, पोरीले पाहाले आली.

"काकू, पोरगी शेकता का वांगं भाजता? धूर पाहा किती!"

"मंग काय करू वं? नयन थकली, मले खोकला, कपिल कापूस घेऊन घाटंजीले गेला."

प्रेरणानं पोरीचे तळवे चाचपले. थंडगार. तिनं दारातल्या नानाजीकडे पाह्यलं. "नानाजी, सदरा काढा."

नानाजी जागीच थिजला. खाकरल्याशिवाय जो सुनेच्या खोलीत पाय टाकत नाही, त्यानं तिच्यासमोर उघडं बसायचं? सोताच्या कपिललेही त्यानं वडीलधाऱ्यायसमोर कधी उचललं नव्हतं.

"मी बाप्या माणूस. माह्याजवळ कुठची ऊब?"

"जिवंत आहा नं? तेवढी पुरते."

नयन भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "मामाजी, घ्या नं तिले. पाय गार पडले."

नानाजीनं हात धुतले, सदरा काढला, बाजेवर टेकून बसला. प्रेरणानं पोरगी त्याच्या छातीवर पालथी ठेवली, मान एका बाजूले वळवली. मी नुकताच धुऊन वाळलो होतो. तिनं मले दोघांभवती गुंडाळून गाठ मारली, नाकतोंड मोकळं ठेवलं. पोरीचं अंग झाकलं, नानाजीची लाजही झाकली.

नानाजी श्वास घ्यालेही भेत होता. बऱ्याच वेळानं ते तळवे माह्या आत हलले. कोमट लागले. विमलताईनं शेगडी बाहेर नेली.

तेव्हापासून दुपारची पाळी नानाजीची. पारावरून बोलावणं आलं का म्हणे, "ड्युटीवर आहो."

आता मी विरलो. दुधाचे डाग पडले, ते जात नाही. पण तक्रार कायची? घाम पुसणाऱ्या कपड्याले इवल्या जिवाचा श्वास लागला, हे उपकारच. तुमच्या घरी असा नाजूक जीव आला तर आजोबालेही बोलवा. लाजले तर खुंटीवरचा दुपट्टा द्या.

आज पोरगी अडीच किलो भरली. प्रेरणा म्हणाली, "नानाजी, आता तिले बांधून ठेवाची गरज नाही. सोडा."

नानाजीनं माह्या गाठीवर हात ठेवला.

"झोपून राह्यली नं. उठू दे."