उखळातला हात

हिसाएने हात पाण्यात बुडवला, उखळातला वाफाळता चिकट भात एका झटक्यात उलटवला आणि हात बाहेर घेत म्हटलं, "हं." मोरिओने मुसळ खाली आणलं. भात पचकन दबला. पुन्हा हात, पुन्हा "हं", पुन्हा मुसळ. अंगणात कोंडाळं करून उभ्या असलेल्या परदेशी पाहुण्यांनी फोन वर धरले होते.

मुसळ म्हणजे लांब दांड्याला बसवलेला लाकडाचा आडवा ठोकळा. हिसाएचा हात जिथून निघे तिथेच तो आदळे, आणि पाहुणे दर वेळी श्वास रोखत. त्यांना वाटे, सगळी करामत म्हाताऱ्याच्या नजरेची आहे.

नजरेचं काय झालं होतं ते मोरिओचं मोरिओलाच ठाऊक. जिकडे बघावं तिथे नेमका मधोमध एक करडा डाग येऊन बसायचा. कडेकडेचं तेवढं दिसायचं. उखळाकडे बघितलं की उखळच नाहीसं व्हायचं. शहरातला डॉक्टर म्हणाला होता, आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. मोरिओने घरी येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. मग गाडी सोडली ती गुडघ्यांचं निमित्त करून. शेत पुतण्याला कसायला दिलं. उरलं होतं ते हे रविवारचं कांडण, आणि ते तो बायकोच्या आवाजावर निभावून नेत होता. "हं" आलं की हात बाहेर. कान अजून शाबूत होते.

तिला सांगून टाकायचं, असं तो दर आठवड्याला ठरवायचा. रविवारी ओकुमुराची बस दाराशी लागली की मुकाट्याने मुसळ पाण्यात भिजत घालायचा. स्वतःची लाज वाटायची, पण मुसळ सोडवत नव्हतं.

ओकुमुरा हा गावच्या पर्यटन मंडळाचा माणूस. पाहुण्यांना कुणाकडे निळीत कापड रंगवायला, कुणाकडे पेंढ्याच्या चपला वळायला आणि इथे शिजवलेला भात कांडून त्याचे मऊ गोळे करायला घेऊन यायचा. आज त्याच्याबरोबर एक नवी गाइड होती. पोरगी भलतीच उत्साही. भात जरा दबतोय न दबतोय तोच तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"चला, सगळ्यांनी म्हणा! योइशो! योइशो!"

जोर लावताना द्यायची ती आरोळी; पाहुण्यांना तेवढंच हवं होतं. अंगण दणाणून गेलं. मोरिओने मुसळ वर नेलं आणि कान टवकारले. "हं" काही ऐकू येईना. तो थांबला. म्हातारा गंमत करतोय असं वाटून लोक आणखी जोरात ओरडू लागले. त्याचे खांदे भरून आले. हिसाएचं तोंड त्या करड्या डागात होतं, आणि हात आत होता की बाहेर, देव जाणे. एवढ्या वेळात तिने काढलाच असेल, असं मनाशी म्हणत त्याने मुसळ खाली आणलं.

ते उखळाच्या दगडी काठावर बसलं. हादरा खांद्यापर्यंत गेला. पाहुण्यांत हशा पिकला. त्या गोंधळात हिसाएच्या तोंडून "स्स" आल्यासारखं वाटलं, की भास झाला, त्याला कळेना.

"लागलं का तुला?"

"कुठे काय. द्या ते इकडे. आता यांना मारू द्या जरा."

तिने त्याच्या हातातून मुसळ काढून एका दांडग्या पाहुण्याच्या हाती दिलं. मोरिओ ओसरीच्या कडेला जाऊन बसला. तिच्या बोटांकडे बघावं तर बोटंच दिसेनाशी होत होती. जन्माच्या जोडीदारणीला लागलंय की नाही, एवढंही आपल्याला कळू नये, या विचाराने तो रडकुंडीला आला.

ओकुमुरा चहाचा पेला घेऊन शेजारी टेकला.

"काका, माफ करा. चूक माझीच आहे."

"तुझी कसली रे?"

"काकूंनी बजावून ठेवलं होतं ना, कांडताना कुणाला ओरडू द्यायचं नाही, टाळ्यासुद्धा नाहीत. या नव्या पोरीला सांगायचं राहूनच गेलं."

मोरिओने पेला खाली ठेवला.

"कधी बजावलं होतं?"

"झाली की दोनेक वर्षं. तुम्ही गाडी सोडलीत ना, त्याच सुमारास. तेव्हापासूनच तर त्या आवाज द्यायला लागल्या. आधी कसे तुम्ही दोघं मुकाट कांडायचात! मला वाटलं, पाहुण्यांसाठी चाललंय."

"मलाही तसंच वाटलं होतं," मोरिओ म्हणाला.

म्हणजे फसला होता तो स्वतःच. तिला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून ती दर रविवारी त्या मुसळाखाली हात घालत होती.

"दुसरा घाणा आलाय हो!" हिसाएने हाक मारली.

तो उठून उखळाजवळ गेला. गाइडने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं होतं. मोरिओने चाचपत बायकोचा हात धरला. दोन बोटांना ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळलेली होती.

"हे काय?"

"वाफ लागली."

"हिसाए, राहिलेलं मशीनवर करू. मंडळाकडे आहे."

"मशीन बघायला का ही माणसं समुद्र ओलांडून आलीत?"

"अगं, मला दिस..."

"भात निवतोय," ती म्हणाली आणि मुसळाचा दांडा तिने त्याच्या मुठीत दिला.

अंगणात कुणी हूं की चूं केलं नाही. पाण्याचा चुबुक आवाज आला, भात उलटल्याचा आला, मग "हं" आलं. मोरिओने मुसळ इतक्या हळू टेकवलं, की भातावर जेमतेम खळगा पडला. पुन्हा "हं" आलं, पुन्हा त्याने तसंच टेकवलं.

"असं थोपटून कुठे भात कांडला जातो? नीट मारा," ती त्याच्यापुरत्या आवाजात म्हणाली आणि चिंधी बांधलेला हात तिने परत आत घातला.

मोरिओ मुसळ वर धरून तिच्या आवाजाची वाट बघत उभा राहिला.