गिरवलेली नोंद

मित्रांनो, मी धायरीच्या शाळेचं जुनं दाखल रजिस्टर. माझी शिवण उसवली आहे, कोपरे कसरीनं खाल्ले आहेत आणि अंगाला बुरशीचा वास येतो. तरी नाक दाबून का होईना, ऐका. माझ्याविषयी सरकारी कागदांत पानंच्या पानं लिहून झाली, पण माझं पान उलटून बघायला कुणाला सवड झाली नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

१९३१ साली पुण्यातल्या एका छापखान्यात मला बांधलं. कागद हलका निघाला. टाकानं लिहिलं की शाई मुरून पानाच्या पाठीवर फुटायची. म्हणून पहिल्या मास्तरांनी शिस्त लावली, की पानाच्या एकाच बाजूला लिहायचं आणि पाठ कोरी सोडायची. एवढं ध्यानात ठेवा. पुढे ते ध्यानात ठेवणारं कुणी उरलं नाही.

तेव्हा धायरी हे खेडं होतं. १९३४ साली डोंगरातून लाकूडतोडीला खाली आलेला एक माणूस आपल्या मुलाला घेऊन शाळेत आला. मुलाचं नाव गेनबा. मास्तरांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि जातीच्या रकान्यात त्याच्या आदिवासी जमातीचं नाव लिहिलं. पान एक्केचाळीस, ओळ सहावी. ते नाव मी इथे घेणार नाही. त्या नावापायी गेनबाच्या नातीला पुढे इतकं टाकून बोललं गेलं, की ते उच्चारायची मला इच्छा होत नाही.

ते माझे मानाचे दिवस होते. दसऱ्याला पाटीपुस्तकांबरोबर माझीही पूजा व्हायची. मग नवी रजिस्टरं आली आणि मला कपाटावर टाकलं. धायरीची शेतं विकली गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. शाळेत संगणक आला. त्याच्यासाठी प्लास्टिकचं झाकण शिवून घेतलं होतं. मला मात्र साधं फडकं मिळालं नाही.

श्रीधर गुरुजी मुख्याध्यापक झाले तेव्हा त्यांनी मला खाली काढून पुसलं. माणूस सरळ होता, जरा जास्तच सरळ. एकदा गावातले आप्पासाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "गुरुजी, आमच्या भाच्याला मेडिकलला जायचंय. रजिस्टरात आजोबाच्या नावापुढं जमातीचं एक नाव टाकायचं हाय, बाकी काय नाय," असं म्हणाले. गुरुजींनी पुडा त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "आप्पासाहेब, दार उघडंच आहे. आपण आलात तसे जावं." असे खोटे दावे करणारे होते, मित्रांनो. मी ते डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून चौकशी नको असं मी म्हणणार नाही.

मग १९९९ साली गेनबाचा मुलगा बद्रीनाथ आला. हडपसरच्या कारखान्यात कामाला होता. मुलगी पूर्णिमा हुशार निघाली होती, तिला इंजिनिअर व्हायचं होतं. तिच्या जातीच्या दाखल्यासाठी त्याला बापाच्या नोंदीचा उतारा हवा होता. गुरुजींनी पान एक्केचाळीस उघडलं. शाई पार उडाली होती, अक्षरं जेमतेम दिसत होती.

आणि इथे त्या भल्या माणसानं घात केला. तीस वर्षं पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावलेला हात तो. त्यांनी खिशातलं निळं पेन काढलं आणि बद्रीनाथच्या समोर, अगदी मन लावून, सहाव्या ओळीतली पुसट अक्षरं गिरवली. "आता हे आणखी पन्नास वर्षं टिकेल," असं म्हणाले. बद्रीनाथनं त्यांचे पाय धरले. मला कळत होतं की हे बरं झालं नाही, पण मला तोंड कुठे आहे.

२००१ साली पूर्णिमाला पुण्यातल्या सरकारी कॉलेजात आदिवासींच्या राखीव जागेवर प्रवेश मिळाला. अट एकच होती. पडताळणी समितीनं तिचा दावा वैध ठरवायला हवा, नाहीतर प्रवेश रद्द. समितीचे दक्षता निरीक्षक सर्जेराव शाळेत आले. त्यांनी निळी शाई पाहिली, मान हलवली, त्या पानाची झेरॉक्स काढली आणि मला पिशवीत कोंबलं. झेरॉक्स अर्थातच लिहिलेल्या बाजूची काढली.

सुनावणीला मी टेबलावर होतो. समोर पूर्णिमा, तिचा बाप आणि निवृत्त झालेले गुरुजी बसले होते. प्रश्न सर्जेराव विचारत होते, आधी जमातीच्या चालीरीतींचे, आणि समितीची माणसं ऐकत होती.

"लग्नात मांडवाला कशाच्या डहाळ्या लावता?"

"माझ्या ताईचं लग्न कात्रजला कार्यालयात झालं, सर. मांडव डेकोरेटरनं घातला."

"वा. मग दाखला डेकोरेटरच्या नावानं काढू का?"

समितीतलं कुणीतरी हसलं. हडपसरच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मुलीला डोंगरातल्या डहाळ्या कुठून माहीत असणार?

"कॉम्प्युटर शिकता म्हणे. आदिवासी वाटत नाही तुम्ही."

"मी कशी वाटायला हवी, सर?" तिनं शांतपणे विचारलं. हे काही त्यांना रुचलं नाही.

मग त्यांनी मला उघडलं. "ही शाई कोणाची?"

गुरुजी उभे राहिले. "माझी. अक्षरं पुसट झाली होती, मी गिरवली."

"म्हणजे नोंद तुमच्या हातची. कबूल?"

"गिरवली म्हणतोय मी, लिहिली नाही."

"एकच ते."

"एकच कसं, साहेब? खाली अक्षर असल्याशिवाय गिरवता येत नाही."

सर्जेरावांनी लिहून घेतलं की मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने नोंद केल्याचे मान्य केले. मी आतल्या आत ओरडत होतो, की पान उलटा, लेकांनो, नुसतं पान उलटा. समोरची शाई बोटांनी आणि हवेनं गेली, पण पाठीवर मुरलेली तशीच आहे आणि गुरुजींचं पेन तिथवर पोचलेलं नाही. कोणी उलटलं नाही. माझी सगळीच पानं पाठीमागून कोरी, तिथे काय बघायचं?

दावा अवैध ठरला. दुसऱ्या वर्षाला असतानाच पूर्णिमाचं नाव कॉलेजातून काढलं. धायरीत लोक गुरुजींना बनावट मास्तर म्हणू लागले. बद्रीनाथ वकिलाकडे खेटे घालत राहिला आणि मी समितीच्या कपाटात पडून राहिलो. चार वर्षांत मला कुणी हात लावला नाही.

मधलं सगळं मला पुढे बद्रीनाथच्या तोंडून कळलं. पूर्णिमानं हडपसरच्या एका कंपनीत काम धरलं होतं. जुन्या शाळांची दप्तरं स्कॅन करून संगणकात भरायची आणि कोरी पानं सोडून द्यायची, असा तिथला नियम. एके दिवशी दुसऱ्याच शाळेचं माझ्यासारखं रजिस्टर स्कॅन करताना तिनं एक कोरं पान सोडलं आणि लगेच परत उघडलं. त्यावर पलीकडची तपकिरी अक्षरं उलटी उमटलेली होती. त्याच संध्याकाळी ती बापाला घेऊन वकिलाकडे गेली. कोर्टानं मूळ रजिस्टर पाहून फेरचौकशी करा म्हणून सांगितलं.

२००६ साली मी पुन्हा त्याच टेबलावर आलो. गुरुजी आले नव्हते. "माझी साक्ष पोरीला बाधते," असा त्यांचा निरोप होता.

"पान उलटा, सर," पूर्णिमा म्हणाली.

"त्या बाजूला काही नाही. कोरं आहे."

"कोरंच दाखवा."

सर्जेरावांनी तोंड वाकडं करून मला उलटवलं. पूर्णिमानं पर्समधला छोटा आरसा काढून सहाव्या ओळीच्या पाठीवर धरला. गेनबाचं नाव, त्याचं गाव, त्याची जमात, सगळं १९३४च्या शाईत सरळ वाचता येत होतं. निळा ठिपकासुद्धा नव्हता. सर्जेराव वाकून वाचत राहिले, बराच वेळ वाचत राहिले. या वेळी कुणी हसलं नाही.

दावा वैध ठरला. कागद हातात देताना सर्जेराव म्हणाले, "चला, मिळालं ना शेवटी?"

"मिळालं, सर," पूर्णिमा म्हणाली. "माझ्या बॅचच्या मुलांना नोकरी लागून वर्ष झालं."

मित्रांनो, आता मी पुन्हा शाळेत आहे, या वेळी लोखंडी पेटीत आणि स्वच्छ कापडात. मला जपा. ऊन दाखवा, वाळवी लागू देऊ नका, पण माझ्यावर कधी काही गिरवू नका, प्रेमानंसुद्धा नको. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब झालात आणि समोर एखादी पूर्णिमा उभी राहिली, तर तिला खोटी म्हणण्याआधी पान उलटा. तेवढ्याला क्षणभर लागतो. तिची चार वर्षं गेली.