अंधार टप्पा कधी होतो

हिरव्या शाईने पेपर तपासायचे म्हणून शाळेतली मुलं त्यांना हिरवे सर म्हणत. जीवशास्त्र शिकवावं तर त्यांनीच. पण त्या वर्षी त्यांना झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्दांचा पार गुंता झाला. पाणी हवं असलं की ते चष्मा मागायचे.

त्यांची लेक ठमी तेव्हाच शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. पेपरच्या आदल्या दुपारी ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात शिरली, तशी आई म्हणाली, "इथे काय बसतेस? त्यांच्यापाशी जा. म्हणून दाखव काहीतरी. तेवढंच त्यांना बरं वाटेल."

ठमी पलंगाशी खुर्ची ओढून बसली. "बाबा, प्रकाशसंश्लेषण सांगते हं. चुकले तर कान पिळा."

त्यांनी डाव्या हाताने 'चल' अशी खूण केली.

"प्रकाश टप्प्यात हरितद्रव्य उजेड शोषून घेतं. पाण्याचं विघटन होतं, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि ऊर्जा एटीपीत साठते. मग अंधार टप्प्यात तीच ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. आणि हा टप्पा होतो..."

"रात्री," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत एवढा स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून आला नव्हता.

याच उत्तरावर त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना फैलावर घेतलं होतं. 'अरे, नुसतं नावच अंधार! त्याला थेट उजेड लागत नाही, एवढंच. चालतो तो दिवसाढवळ्या!' पोरं त्यांची नक्कल करायची ती याच वाक्यावर.

"दिवसा ना, बाबा?" तिने हळूच विचारलं.

"रात्री!" त्यांनी गादीवर हात आपटला. हातातून काहीतरी निसटतंय हे त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं.

"हो, हो, रात्रीच. माझंच चुकलं."

त्यांनी समाधानाने मान टेकली.

दुसऱ्या दिवशी नेमका तोच प्रश्न आला. ठमीने 'दिवसा' लिहिलं, कारणासकट. उत्तर बरोबर होतं, तरी बाबांना उलटून बोलल्यासारखं तिला वाटलं. समोरचं अक्षर दिसेना. वर्गावरच्या बाईंनी विचारलं, "अवघड आहे का गं?" तिने डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.

घरी बाबा दाराकडे डोळे लावून बसले होते. "आला?"

"आला ना! तुम्ही सांगितलं तस्संच लिहिलं."

ते अर्ध्या ओठांनी हसले. शाबास म्हणायला गेले आणि भलतंच काही बोलले. ठमीने ते शाबासच धरलं.

मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. आजवर काही अडलं की ती त्यांच्याकडेच धावायची. ते पलंगावर होते, आणि तरीही ते नव्हते.

"पुढचा पेपर कोणता गं?" आईने बाहेरून विचारलं.

"रसायनशास्त्र," ठमी म्हणाली आणि तिने तोंडावर पाणी मारलं.