गोणपाटरावांचा नमस्कार

"आप्पा, अहो, तो राक्षस आहे," पुष्पावती म्हणाली.

आप्पासाहेबांनी बशीत ओतलेला चहा बशीतच राहिला. राहीबाईंच्या हातातलं सुपारीचं ताट तिरपं झालं. गोरक्षला वाटलं, मोडलं आपलं लग्न. ते अजून ठरायचं होतं, पण मोडलं.

राक्षस टीव्हीतला होता. तरी धक्का घरातलाच होता.

आप्पासाहेब म्हणजे गोरक्षचे सख्खे मामा, राहीबाई मामी आणि पुष्पावती त्यांची लेक. नगरजवळ नागापूरला त्यांचा लेथचा छोटा कारखाना होता आणि गोरक्ष तिथंच कामाला होता. पुण्यात टीव्ही दिसायला लागला तसा आप्पासाहेबांनी एक विकत आणला. नगरला काही दिसणार नाही, असं दुकानदार म्हणाला. आप्पासाहेबांना तो अपमान वाटला. त्यांनी कारखान्यातल्या सत्तारला सांगून पाइपावर पाइप वेल्डिंग करून घेतले आणि घराच्या दारातच अँटेना इतकी उंच नेली की घारी तिला वळसा घालून जाऊ लागल्या.

मग दिसायला लागलं. म्हणजे मुंग्या दिसायच्या आणि मुंग्यांत अधूनमधून माणसं. कढईत भजी सोडल्यासारखा आवाज यायचा, त्यात चार शब्द इंग्रजी. दर शनिवारी संध्याकाळी एक विलायती मालिका लागायची. पांढऱ्या केसांचा एक म्हातारा पाण्याच्या टाकीत बसून या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर जायचा. त्याच्याभोवती नाना तऱ्हेचे प्राणी. कुणाच्या डोक्यावर तवा, कुणाला नळाची तोटी हेच नाक. यातले सोबती कोण आणि राक्षस कोण, हे सांगायला कुणी नव्हतं. त्यामुळे ते घरातच ठरवावं लागलं.

ठरवलं राहीबाईंनी. अंगभर गोणपाट गुंडाळलेला, कंदिलासारख्या डोळ्यांचा एक इसम आला आणि आल्या आल्या म्हाताऱ्यासमोर वाकून त्यानं दोन्ही हात त्याच्या पायांकडे नेले.

"अगं बाई, वळण बघा पोराचं!" राहीबाई म्हणाल्या.

झालं. त्याचं नाव गोणपाटराव पडलं आणि तो म्हाताऱ्याचा खास माणूस ठरला.

मालिकेत एक पोरगीही होती. केस मोकळे, कपाळ पांढरं, सारखी किंचाळत पळायची. मुंग्यांत तिचे पाय उलटे दिसायचे. ती हडळ. यावर मतदान घ्यायची गरज पडली नाही. गोणपाटराव म्हाताऱ्यासमोर वाकला रे वाकला की ही त्याला ढकलून द्यायची. "सोन्यासारख्या पोराला धड पाया पडू देत न्हाई सटवी!" राहीबाई दर शनिवारी हळहळायच्या.

सत्तारचं मत वेगळं होतं. "मला इचाराल मालक, तर खरा राक्षस म्हातारा हाय. म्हातारा सोडून गोणपाटराव ज्याच्या ज्याच्या पाया पडला, त्यो माणूस परत दिसला का कवा? म्हातारा पचवतोय सगळे."

"गप रं!" आप्पासाहेब म्हणायचे. "तू अँटेनाचा पाइप धर."

"धरतो. पर गेली कुठं मानसं?"

अशा वेळी गोरक्ष पुढं सरसावायचा. "तीर्थाला गेली असतील. आशीर्वाद देऊन झाल्यावर मोठी मानसं थांबत्यात व्हय?"

हे आप्पासाहेबांना लई आवडायचं. एकदा भरल्या घरात ते म्हणाले, "जावई असावा तर गोणपाटरावासारखा." गोरक्षचं पुष्पावतीवर शाळेपासून मन होतं. त्या दिवसापासून तो दिसेल त्याच्या पाया पडू लागला. सकाळी मामांच्या, दुपारी पुन्हा मामांच्या, पोस्टमनच्या, कारखान्यात भंगार न्यायला येणाऱ्याच्या. सत्तारच्या पडायला गेला तेव्हा सत्तार शिडीवर चढून बसला.

पुष्पावती पुण्यात वसतिगृहात राहून कॉलेजात शिकत होती. ती दिवाळीला घरी आली तसा आप्पासाहेबांनी शनिवार धरला. सुपारी गोणपाटरावाच्या साक्षीनं फोडायची होती. आणि पुष्पावतीनं पडद्याकडे पाहून ते वाक्य टाकलं.

"पाया कसला पडतोय? पायांतून जीव शोषून घेतो तो. पुण्यात सगळं स्वच्छ दिसतं. ती मुलगी शास्त्रज्ञ आहे, दर आठवड्याला म्हाताऱ्याला वाचवते. मालिकेची खरी नायिका तीच."

"अन् तिचे केस?" राहीबाईंनी विचारलं.

"आम्ही सगळ्याच सोडतो तसे."

राहीबाईंनी लेकीचे मोकळे केस पाहिले आणि पटकन तिच्या पायांकडे नजर टाकली. पाय सरळ होते.

"म्हंजी म्हातारा चांगला?" दारातून सत्तारनं विचारलं. त्यालाही कमी धक्का नव्हता बसला.

आप्पासाहेब मात्र गोरक्षकडे बघत होते. "तीर्थाला गेल्यात म्हनत हुतास न्हवं रं?"

गोरक्ष अडचणीत आला की जे करायचा, तेच त्यानं केलं. वाकला.

आप्पासाहेबांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. "लांबून! लांबून!"

"मामा, म्या हाय."

"म्हनूनच!"

गोरक्ष अर्धा वाकलेला तसाच राहिला. नमस्काराशिवाय आशीर्वाद नाही, आशीर्वादाशिवाय सुपारी नाही. मागं पडद्यावर गोणपाटरावही नेमका तेवढाच वाकला होता, हे काही त्याच्या फायद्याचं नव्हतं.

पुष्पावतीनं कपाळाला हात लावला. मग चपला काढून ती पुढं आली. "गोरक्ष, माझ्या पाया पड."

राक्षसानं बसला नव्हता एवढा धक्का आता बसला. "अगं, त्यो नवरा व्हनार तुझा!" राहीबाई ओरडल्या.

"आप्पांनी पाय खाली घेतले तरच होणार ना? पड रे. पोस्टमनच्या पडलास, माझ्या नाही पडणार?"

गोरक्ष पडला. दोन्ही हात नीट लावले. सगळं घर पुष्पावतीकडे बघत राहिलं. सत्तारनं तेवढ्यासाठी अँटेना सोडली, तशा पडद्यावर मुंग्या झाल्या. पुष्पावती उभी होती. गाल थोडे लाल झाले होते, पण जीव जागेवर होता.

"बघा आप्पा. ठणठणीत आहे मी."

"तू तरनी हाईस," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्यात मुळात जीव किती?"

बराच विचार करून त्यांनी डावा पाय खाली सोडला. उजवा खुर्चीवरच ठेवला.

"एका पायाचा आशीर्वाद चालतो का?" गोरक्षनं बारीक आवाजात विचारलं.

"चालवून घे," राहीबाईंनी ताट सरळ केलं. "फोडा सुपारी."

सुपारी फुटली. उजवा पाय आप्पासाहेबांनी लग्नाच्या दिवशी खाली घेतला, तोही बुटात.