दहाच्या ठोक्याला दूध

रविवारी सकाळी धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नुसता काळा कातळ, पावसाळ्यात धबधबा. पण यंदा तो दर रविवारी दहाच्या ठोक्याला दूध देत होता! छत्र्या, बाटल्या, कॅन सांभाळत लोक चिखलात ताटकळले होते. उंच दगडावर दूधमहाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा चेला ओरडत होता, "पोट, गुडघा, डोळा, नोकरी, सासूचा जाच, सगळ्यावर एकच थेंब!"

गर्दीच्या मागे जलशुद्धीकरण केंद्राचा ऑपरेटर झाकलेली बादली घेऊन उभा होता. केंद्र कड्याच्या वर होतं. नदीचं गढूळ पाणी शुद्ध करायला तिथे तुरटी आणि चुना वापरत. चुन्याची टाकी रविवारी दहाला धुवायची आणि गाळ खड्ड्यात टाकायचा, असा नियम होता. पण भर पावसात खड्ड्यापर्यंत गाडा ढकलणार कोण? यंदा त्याने गाळ सरळ शेजारच्या ओढ्यात सोडला. तोच ओढा कड्यावरून खाली कोसळत होता.

महाराज एकदा प्यायचं पाणी मागायला वर आले होते. "साहेब, ते पांढरं पाणी कधी सोडता हो?" जन्मात पहिल्यांदा कुणी साहेब म्हणालं. हा फुगला आणि वेळ सांगून बसला.

पहिल्याच रविवारी सगळं कळूनही तो गप्प राहिला. तोंड उघडलं तर नोकरीवर गदा येणार. शिवाय खोटं कशाला सांगा, आपण व्हॉल्व्ह फिरवला की खाली पाचशे माणसं हात जोडतात, याची त्याला गंमत वाटायची. ती गंमत काल मोठ्या बहिणीच्या, ताईच्या स्वयंपाकघरात जेवताना संपली. काचबिंदूचे थेंब बंद करून ताई दोन महिने डोळ्यांत हेच पाणी घालत होती. डावीकडचा कप तिला दिसला नाही. धक्का लागून फुटला. ती हसत म्हणाली, "महाराज म्हणालेत, आधी वाढतं, मग उतरतं." लाजेने त्याने ताटावरची मान वर केली नाही.

आज ताई पहिल्याच रांगेत होती.

दहा वाजले. "ये माते, पान्हा सोड!" महाराजांनी हात उंचावले. पाणी होतं तसंच स्वच्छ. पाच मिनिटं गेली, दहा गेली. महाराज कडाडले, "गर्दीत कुणीतरी पापी आहे!"

"आहे ना, मी आहे," ऑपरेटर पुढे आला. "आज मी टाकी धुतली नाही, म्हणून तुमची माता आटली."

त्याने एकाच्या कॅनमध्ये धबधब्याचं पाणी भरलं आणि बादलीतला वाटीभर गाळ त्यात ढवळला. पांढरंशुभ्र दूध!

"भिंतीला लावतात तो चुना आहे हा. पिऊ नका, डोळ्यांत तर मुळीच घालू नका."

चेला कधीच पसार झाला होता. महाराज "ही परीक्षा होती" असं पुटपुटत चपला शोधू लागले.

"तुला कधीपासून माहीत होतं रे?" ताईने विचारलं.

"पहिल्या रविवारपासून."

"आणि माझ्याकडे येऊन जेवत होतास?"

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे त्या दोघांनाही डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं.

तो लोकांकडे वळला. "उद्या मी वरिष्ठांना सगळं लिहून देणार आहे. माझं व्हायचं ते होईल. तुम्ही एवढंच करा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी कडा चढून वर बघा. खरं काय ते माहीत असलेला माणूस तिथे गप्प बसलेला असतो. त्याला बोलतं करा."