सूर्यभान महाराजांना दिसलेली तांबडी गाय

सूर्यभान महाराजांना माणसाच्या पोटातले दिसते, ही वार्ता घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून निघाली आणि बैलांच्या आधी गावोगाव पोहोचली. माळावर मांडव पडला. दर गुरुवारी टेम्पो भरभरून माणसे येऊ लागली. दाराशी एक शिष्य प्रत्येकाकडून नारळ, नाव आणि गाव घेऊन पडद्याआड जाई. काही वेळाने नावाचा पुकारा होई, आणि महाराज डोळे मिटून जे सांगत, ते ऐकून ऐकणारा गार पडे.

"आम्ही पाहत नाही, बाळांनो, आम्हांला दाखवले जाते," महाराज म्हणत. "देह हा अँटेना आहे. ज्याचा स्वच्छ, त्याच्या पडद्यावर मुंग्या येत नाहीत."

गावातील बायकांचा दुपारचा साक्षरता वर्ग चालवणाऱ्या शुभांगीबाई त्या गुरुवारी मांडवात आल्या, त्या काही दर्शनासाठी नव्हे. त्यांच्या वर्गातल्या राहीबाईंचा नातू पार्थ याला फेफरे येई. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते आटोक्यात आले होते, आणि राहीबाई आता महाराजांचा कौल घ्यायला निघाल्या होत्या.

"राहीबाई," नातवाचे दुखणे ऐकून घेऊन महाराज बोलले, "तुझ्या लग्नाच्या साली बापानं दारची तांबडी गाय विकली. तू दाव्याला धरून रडलीस. तीच गाय नातवाला झटके देते. पुढच्या गुरुवारी त्या गोळ्या आमच्या धुनीत टाक."

परतताना राहीबाई पुन्हापुन्हा मांडवाकडे वळून पाहत होत्या. "बाई, त्या दाव्याचं महाराजांला कसं ठावं? फकस्त ती म्हैस हुती. काळी. पन महाराज गाय म्हनत्यात, तवा गायच आसंल."

"तुमच्या म्हशीचा रंग महाराजांनी ठरवायचा?"

"लई वरसं झाली, बाई. माजंच ध्यान चुकलं आसंल."

शुभांगीबाई वाटेतच थांबल्या. ती तांबडी गाय साऱ्या जगात एकाच ठिकाणी बांधलेली होती, आणि तिथे तिला बांधणाऱ्या त्या स्वतःच होत्या.

वर्गातल्या बायका अक्षरओळख होताच आपापले अनुभव लिहीत. शुभांगीबाई त्यांची स्वच्छ प्रत काढीत, आणि नगरला संगणकाच्या दुकानात असलेला त्यांचा भाऊ सम्राट ती नावागावासह, तारीखवार इंटरनेटवरच्या एका पानावर चढवी. अशा पानांना पुढे ब्लॉग म्हणू लागले. गावात त्याला 'नगरचं पान' म्हणत. श्रीगोंद्याकडचे वर्ग तो मजकूर छापून धडा म्हणून वाचत, कारण चार लेकरे वाढवलेल्या बाईने 'बदक बघ' तरी किती दिवस वाचावे? हे सारे बायकांना सांगितलेले होते. पण नुकत्याच लिहू लागलेल्या हाताला वाटते की, कागद आपण जिथवर धरला तिथवरच अक्षर जाते. राहीबाईंच्या म्हशीच्या लेखाची प्रत काढताना, आधीच्या कोणाच्या तरी लेखातली तांबडी गाय शुभांगीबाईंच्या लेखणीतून राहीबाईंच्या दारात शिरली होती. ती चूक पानावर गेली, आणि पानावरून थेट दिव्यदृष्टीत.

परंतु एवढ्याने राहीबाई मानणार नव्हत्या. देवाने चूकही दाखवली, असे त्या म्हणाल्या असत्या, आणि तर्काच्या दृष्टीने त्यांना अडवता आले नसते. पुराव्याला प्रयोग हवा होता. वर्गातल्या बनुबाईंची जीभ तिखट आणि मन खंबीर. त्यांनी आपले सासरे कारभारी हे विहिरीत पडून वारल्याचा लेख तयार केला आणि रीतसर सासऱ्यांना वाचून दाखवला.

कारभारींनी तंबाखू मळत विचार केला. "इहिरीत नको, सूनबाई. मला पोहाया येतं, लोक हसतील. बाभळीवरून पाड."

त्याप्रमाणे कारभारी बाभळीवरून पडले आणि पानावर चढले.

पुढच्या गुरुवारी राहीबाईंच्या पदराच्या गाठीत गोळ्या होत्या. "जरा थांबा, आधी बनुबाईंचं ऐकू," शुभांगीबाई म्हणाल्या. बनुबाईंच्या नावाचा पुकारा झाला.

महाराजांनी कपाळ आवळले. "तुझा सासरा... क... कारभारी. बाभळीवरून पडून गेला. आत्मा त्याच झाडावर बसलाय, बाळ. पाणी मागतोय."

"पानी नको," पुढच्या रांगेतून आवाज आला. "तंबाखू आसंल तर बघा."

गावाने कारभारींना ओळखले. हसू आधी दबकत उठले, मग मांडवाचे कापड हलू लागले.

"हा नुसता देह आहे," महाराज सावरून म्हणाले. "आत्मा..."

"त्यो बी हितंच हाय, म्हाराज. सकाळी भाकर खाऊन आलाय."

शुभांगीबाई उभ्या राहिल्या. "हे मरण आम्हीच लिहून नगरच्या पानावर ठेवलं होतं. दाराशी नाव विचारतात, पडद्याआड ते पानावरून छापून आणलेल्या मजकुराशी ताडून पाहतात. आठवून बघा, ज्या बायकांनी लिहिलं, त्यांचंच महाराजांना नेमकं दिसलं. बाकीच्यांना काय सांगितलं?"

"मला म्हनले, तुला काळजी हाय," मागून एक जण म्हणाला.

"ती कोनाला न्हाई?" कारभारी उत्तरले.

शिष्य दाराशी नव्हता, नारळही नव्हते. महाराजांना एकाएकी समाधी लागली.

"मग ते पानच बंद करा, बाई," कोणी सुचवले.

"का म्हणून? चोराने दिवा वापरला, म्हणून आपण अंधारात बसायचं? पान राहील. नावं मात्र यापुढे विचारूनच घालू. आणि आजची हकिगत त्याच पानावर जाईल. श्रीगोंद्यात महाराजांच्या आधी पोहोचेल. ज्याला 'दिसतं' त्याला विचारा, कशाने दिसतं. आणि दुखण्याचं डॉक्टरला विचारा. त्याला 'कशाने?' विचारलंत तरी राग येत नाही."

राहीबाईंनी पदराची गाठ चाचपली, ती घट्ट असल्याची खात्री केली आणि घराकडे वळल्या. पार्थच्या गोळीची वेळ झाली होती. दोन पावलांवर त्या थांबल्या.

"बाई, आधी त्या पानावर माजी म्हैस करा."

"करते."

"काळी."